मी तीन घरं खाली सरकले

मित्रांनो, नेरच्या भजनी मंडळातली जुनी पेटी म्हणतात ती मीच. पेटी म्हणजे हार्मोनियम. ओळख करून देताना एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मी फार भित्री आहे. उंदरांना भिते, कारण त्यांना माझा भाता कुरतडायला आवडतो. ओल्या हवेला भिते, कारण माझ्या पट्ट्या फुगून अडकतात. आणि ज्यांना काही वाजवता येत नाही, पण हात लावल्याशिवाय राहवत नाही, अशा पाहुण्यांना तर सगळ्यात जास्त भिते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगीच नाही. पण ही सगळी भीती किरकोळ होती. खरी भीती काय असते ते मला एका मुलाच्या गळ्याने शिकवलं. त्या भीतीत माझाही हात होता, म्हणून ही गोष्ट सांगताना आजही माझा भाता धड भरत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. अंग सागवानाचं, पोटातले सूर पितळेचे. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने एकेक सूर कानसीने घासून जुळवला. तेव्हाही मी घाबरले होते, पण त्याचा हात हलका होता. पुढे नागपूरच्या एका दुकानातून रामरावांनी मला विकत घेतलं. रामराव म्हणजे नेरचे शेतकरी आणि भजनी मंडळाचे बुवा. त्यांनी मला एसटीच्या टपावर काही ठेवू दिलं नाही. सगळा रस्ता मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर हसला, तेही हसले. तेव्हापासून मी त्यांच्याच घरात आहे.

माझ्यात एक सोय आहे, ती तुम्हाला समजायला हवी. माझ्या बाजूला एक पितळी खटका आहे. तो उचलला की पट्ट्यांची आख्खी रांग एकेक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. बोटं नेहमीच्याच पट्टीवर ठेवायची, पण सूर मात्र खालचा किंवा वरचा निघतो. प्रत्येकाचा गळा कुठल्यातरी एका उंचीवर सहज बसतो. त्या उंचीला गाणारे लोक पट्टीच्या नावाने ओळखतात. मोठ्या पुरुषांची बहुतेक काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, लहान मुलांची आणि बायकांची वरची, काळी चार किंवा तिच्या आसपास. गाणारा बदलला की रामराव खटका उचलत आणि मला सरकवत. गाणाऱ्याच्या घशाला त्रास होऊ नये, एवढ्याचसाठी ही सोय केलेली आहे.

माझी पहिली वीस वर्षं छान गेली. गुरुवारची भजनं, गणपतीचे दहा दिवस, कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाणारी मंडळी, सगळीकडे मला मान होता. मग गावात मोठे स्पीकर आले, भजनाला माणसं कमी झाली, आणि मी पलंगाखाली गेले. तिथे मी तीन वर्षं काढली. रोज उंदरांची चाहूल ऐकायची आणि गप्प बसायचं, दुसरं काम नव्हतं.

तिथून मला बाहेर ओढलं ते नयनने. नयन म्हणजे रामरावांचा नातू. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याचे वडील शाम दिवसभर शेतात असायचे, आई विजयमाला घर बघून शिवणकाम करायची, म्हणून पोरगं आजोबांच्या वाट्याला आलेलं. त्याने मला ओढलं, माझ्यावरची धूळ शर्टाने पुसली आणि एक पांढरी पट्टी दाबली. ओढताना भात्यात शिरलेल्या हवेने एक पुसटसा सूर निघाला आणि विरला. तर त्याने तो सूर स्वतःच्या तोंडाने काढला. एकदाच ऐकला होता, पण अगदी बरोबर काढला. रामराव दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा भाता बदलून आणला.

सात वर्षं आम्ही तिघं रोज सकाळी बसलो. नयनचा गळा काळी चारमध्ये बसायचा. तिथून वरच्या सुरावर जाताना त्याला कष्ट म्हणून पडत नसत. मी सूर द्यायच्या आत तो तिथे पोहोचलेला असे. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि थोडी भीतीही वाटायची, कारण इतकं चांगलं काही आपल्याजवळ राहत नाही असा माझा अनुभव आहे.

गावाला मात्र या गळ्याचं काय करावं ते कळत नव्हतं. मंडळातले लोक म्हणायचे, पोरगं गातं गोड, पण पोरीसारखं गातं. शाळेत मुलं त्याला 'नयना' म्हणून हाका मारायची. एकदा गॅदरिंगमध्ये त्याने गाणं म्हटलं तेव्हा मागच्या बाकांवरून बांगड्या वाजवल्याचे आवाज काढले गेले. घरी येऊन तो माझ्या झाकणावर डोकं ठेवून बसला. रामरावांनी त्याला विचारलं, त्याने सांगितलं नाही.

मग टीव्हीवरच्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत त्याची निवड झाली, आणि गावाचं तोंड एका दिवसात फिरलं. बसस्टँडवर त्याचा फ्लेक्स लागला. 'नयना' म्हणणारी मुलं त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढू लागली. गॅदरिंगला हसलेले गुरुजी सत्काराला पहिल्या खुर्चीवर होते. लोक तेच, गळाही तोच. फक्त मुंबईच्या लोकांनी वाहवा केली होती. नयन खूश होता. बारा वर्षांच्या मुलाने खूश का होऊ नये? पण मी मात्र घाबरले. इतक्या लवकर ज्यांचं मन बदलतं, त्यांचं ते पुन्हाही बदलू शकतं, हे मला पलंगाखाली असतानाच कळलं होतं.

मुंबईला मलाही नेलं. आजोबा, नातू आणि जुनी पेटी, हे कार्यक्रमवाल्यांना फार आवडलं होतं. मला स्टेजच्या कोपऱ्यात एका चौरंगावर ठेवलं, हार घातला, माझ्यावर दिवे सोडले. वाजू मात्र दिलं नाही. वाजवायला त्यांची त्यांची वाद्यं होती. मी आपली हार घालून बसून राहायची.

तिथे नयनच्या गालांना रंग लावत. कपाळावर केसांची एक बट ओढून चिकटवत. शाळेत मुलं चिडवायची ते त्याला कॅमेऱ्यासमोर सांगायला लावलं. पहिल्यांदा सांगताना त्याला रडू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा आलं. त्याला बायकांची गाणी देत, कारण त्याच्या गळ्याला ती शोभत. 'वऱ्हाडची कोकिळा' असं नावही त्यांनीच ठेवलं. समोर बसलेली माणसं त्याला बघून 'किती गोड' म्हणत. गाणं सुरू होण्याआधीच म्हणत, याचं मला नवल वाटायचं. कधी कधी वाटायचं, यांना गाणं नकोच आहे, यांना फक्त एवढंसं पोरगं हवं आहे.

तिसऱ्या फेरीला मोठे परीक्षक उठून स्टेजवर आले. त्यांनी नयनचे गाल धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. ते म्हणाले, "बाळा, देवाकडे एकच मागणं आहे. हा आवाज असाच राहू दे. तू कधी मोठा होऊ नकोस."

सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. रामरावांनी वाजवल्या. मलाही बरं वाटलं. नयनने तेवढी मान हलवली, जणू घरचं काम सांगितलं आहे आणि ते करायचं आहे.

त्या फेरीनंतर सव्वा महिन्याची सुट्टी होती. आम्ही नेरला आलो. कापसाच्या वेचणीचे दिवस, शाम सकाळी अंधारातच शेतात जायचे. आमचा रियाज पूर्वीसारखा सुरू झाला. चौथ्या की पाचव्या सकाळी नयन वरच्या सुरावर गेला, आणि तिथे त्याचा आवाज फुटला. एक घोगरा, अनोळखी आवाज निघाला आणि बंद झाला. तो हसला, पाणी प्यायला, पुन्हा गेला. पुन्हा तेच झालं. मग तो हसला नाही.

त्याला वाटलं घसा खराब आहे. विजयमालाने ज्येष्ठमध दिलं, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. लोणचं बंद, दही बंद, थंड पाणी बंद. रामरावांना मात्र कळलं होतं. त्यांचाही आवाज असाच याच वयात फुटला होता. सगळ्याच मुलांचा फुटतो, मित्रांनो, काहींचा हळूहळू, काहींचा एका आठवड्यात. त्यात आजार नसतो आणि पापही नसतं. फक्त रामरावांचा फुटला तेव्हा त्यांच्या आवाजावर कोणी टाळ्या वाजवत नव्हतं, म्हणून त्यांच्या घरात कोणाला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी नयन तोंड धुवायला गेला असताना रामराव माझ्याजवळ बसले. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग खटका उचलला आणि मला एक घर खाली सरकवलं. कडेला जी फट दिसू लागली तिच्यावर आपला दुपट्टा घडी करून ठेवला. मला काय होतंय ते लगेच कळलं आणि मी गारठून गेले. नयन आला, नेहमीच्या पट्टीवर बोट ठेवलं, गायला लागला. वरचा सूर लागला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की रामरावांनी डोळे मिटून घेतले.

"आबा, बरा झाला माहा आवाज," तो म्हणाला.

आठ दिवसांनी रामरावांनी मला दुसरं घर सरकवलं. त्याच्यानंतर तिसरं. नयनला वाटत होतं तो काळी चारमध्ये गातो आहे, आणि तो गात होता तीन घरं खालच्या पांढरी चारमध्ये. त्याने कधी माझ्या कडेला पाहिलं नाही. कशाला पाहील? सात वर्षं मी त्याला खरा सूर दिला होता. रोज सकाळी तो माझ्यापुढे बसला की मला वाटायचं, आता याला कळणार. कळलं नाही की त्याहून जास्त भीती वाटायची. रामरावांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही, कारण पोराचा धीर सुटू नये म्हणूनच ते हे करत होते. पण मुंबईतली वाद्यं काही सरकणार नव्हती. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि दिवस जात होते.

आणखी एक गोष्ट मी बघत होते. नयन जेवताना अर्धी भाकर ताटात ठेवून उठायचा. विजयमालाला वाटायचं स्पर्धेची धास्ती आहे.

मुंबईला जायला सहा दिवस उरले तेव्हा फोनवर पुढच्या गाण्याचा ट्रॅक आला. ट्रॅक म्हणजे नुसती वाद्यं, गाणं आपण म्हणायचं. विजयमालाने फोन माझ्यावर ठेवला आणि तो लावला. नयनने सवयीने माझा सूर धरला. दोन्ही आवाज एकमेकांशी भांडायला लागले. ट्रॅक काळी चारचा होता. त्याच्याबरोबर गायला गेला तर गळा वर जाईना. तो थांबला, माझ्याकडे बघत राहिला. पेटी अन् मोबाईल जुळून नाही राह्यले, असं तो म्हणाला.

रामराव घाईघाईने म्हणाले की पेटी जुनी झाली, तिचे सूर उतरले असतील. झालं, सगळा आळ माझ्यावर आला. मला राग आला नाही. उलट वाटलं, बरं झालं, असंच राहू दे. भित्र्या माणसाला खोटा आळसुद्धा परवडतो. पण नयन म्हणाला, मंग दुरुस्त करून आनू, मुंबईले न्यायची हाय तिले. आता रामराव नाही कसं म्हणणार?

यवतमाळला रहमतभाईंचं दुकान आहे. पेट्या, तबले, ढोलक, सगळं ते दुरुस्त करतात. माझा भाताही त्यांनीच दोनदा बदललेला. आम्ही गेलो तेव्हा ते एका तबल्याची शाई बघत बसले होते. रामरावांनी मला खाली ठेवलं, पण माझ्यावरचा दुपट्टा काही काढला नाही. चोराच्या मनात चांदणं, तशी त्यांची आणि माझी दोघांची गत झाली होती. रामराव एकटे आत जाऊन रहमतभाईंशी दोन शब्द बोलले असते तर सावरूनही गेलं असतं. पण नयन माझ्या अंगाला चिकटून बसलेला होता.

रहमतभाईंनी दुपट्टा उचलून बाजूला ठेवला. एक पट्टी दाबली, दुसरी दाबली, मान वाकडी करून कडेला पाहिलं आणि हसले. त्या बिचाऱ्यांना काय माहीत. ते म्हणाले, "रामरावभाऊ, पेटीले काहीच नाही झालं. सूर सगळे नीट हायेत. पट्टी तीन घर खाली सरकून हाय, दुसरं काही नाही." आणि त्यांनी खटका उचलून मला माझ्या जागी आणलं.

 बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. नयनने आजोबांकडे पाहिलं.

"कोनं सरकवली?"

"म्या," रामराव म्हणाले.

"कायले?"

"तुह्या घशाले तरास होऊन राह्यला होता, बापू."

नयनने माझी काळी चार दाबली. भाता स्वतःच मारला. आता निघाला तो खरा सूर. तो त्याच्याबरोबर गायला गेला आणि गळ्यातून तोच घोगरा आवाज आला. त्याने पट्टी सोडली.  तो एवढंच म्हणाला, "म्हंजे गेला माहा आवाज. तुमाले माहीत होतं."

परत येताना एसटीत त्याने मला जातानासारखं मांडीवर घेतलं नाही. खिडकीकडे तोंड करून बसला.

पुढचे तीन दिवस मी कधीच विसरणार नाही. तो मला हात लावत नव्हता. फोन लावून, दार लोटून, ट्रॅकबरोबर ओरडत होता. गाणं नव्हतंच ते. एकाच सुरावर पुन्हा पुन्हा उडी मारायची, खाली पडायचं, पुन्हा मारायची. आवाज आधी खरखरीत झाला, मग चिरका झाला, मग नुसती हवा यायला लागली. शाम शेतातून आले, दाराशी उभे राहिले, आणि काय करावं ते न कळून पुन्हा अंगणात गेले. यवतमाळच्या डॉक्टरांनी घसा तपासून सांगितलं, आवाज बदलायचं वय आहे, जबरदस्ती केली तर कायमचं नुकसान होईल. नयनने ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन पुन्हा फोन हातात घेतला.

त्या संध्याकाळी विजयमालाने त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि ताट समोर ठेवलं. त्याने अर्धी भाकर बाजूला केली. ती रागावली. महिनाभर बघत होती ती. असं उपाशी राहून गाणं येते का, असं तिने विचारलं.

नयन बसक्या आवाजात म्हणाला, "जेवलो तं वाढीन ना मी, आई. साहेब म्हनले होते, मोठा होऊ नको."

विजयमाला खाली बसली.  रामराव दारात होते, त्यांनी भिंतीला हात टेकला. आणि मित्रांनो, मी तर लाकडाची, पण त्या क्षणी मला वाटलं माझ्या पोटातले सगळे सूर एकदम गंजले. एका माणसाने प्रेमाने म्हटलेलं वाक्य होतं. त्याच्यावर शेकडो माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि एक मुलगा ते महिनाभर ताटात पाळत होता.

मी म्हटलं, आता हे मुंबईला जाणार नाहीत. पण गेले. नयनला जायचंच होतं. न गेलो तं लोक काय म्हनतील, हे त्याने आईला विचारलं, आणि तिने त्याची बॅग भरायला घेतली.

तिथल्या तालमीच्या खोलीत मला एका टेबलावर ठेवलं होतं. हार अजून यायचा होता. दोन दिवस गप्प राहिल्याने नयनचा आवाज जरा सुटला होता, पण काळी चारला गेला की तुटत होता. कीबोर्डवाला तरुण मुलगा समजूतदार होता. त्याने विचारलं, खाली घेऊ का? तेवढ्यात कार्यक्रमाची सगळी व्यवस्था बघणाऱ्या बाई आल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी नयनच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला गरम पाणी मागवलं. पण म्हणाल्या, पट्टी खाली घेऊन चालणार नाही, लोकांना तीच कोकिळा ऐकायची आहे, एक दिवस ताण सोसला तर काही होत नाही. मग त्या रामरावांकडे वळल्या. "आजोबा, तुमचं ऐकतो तो. त्याला सांगा ना, तुला जमेल म्हणून."

सगळे रामरावांकडे बघू लागले. मी त्यांच्या अगदी जवळ होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता हे सांगणार. सांगणं किती सोपं होतं. एवढ्या मोठ्या खोलीत, एवढ्या शिकलेल्या माणसांपुढे, नेरच्या एका म्हाताऱ्याने नाही म्हणायचं कसं? आणि त्यांनी सांगितलं असतं तर नयनने गायलंही असतं. गळा फाटेपर्यंत गायला असता तो. माझा भाता आत दबून बसला होता आणि मी देवाचं नाव घेत होते.

रामरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ते हळू आवाजात म्हणाले, "म्या एकडाव खोटं बोललो याच्याशी. आता नाही बोलत. पोरगं वाढून राह्यलं, बाई. वाढू द्या त्याले."

मग ते नयनकडे वळून म्हणाले की तुले गायचं नसंन तं आपून आत्ता गावाले जाऊ.  यवतमाळच्या दुकानानंतर नयनने आजोबांकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं. मग तो कीबोर्डवाल्याला म्हणाला, "दादा, पांढरी चार द्या."

त्या रात्रीचा भाग तुमच्यापैकी कोणी पाहिलाही असेल. मी कोपऱ्यात हार घालून बसले होते. नयनचा आवाज ना लहान मुलाचा होता ना मोठ्या माणसाचा. दुसऱ्या कडव्यात तो एकदा फुटला, आणि सभागृहात कोणीतरी हसलं.  मला वाटलं आता तो माईक ठेवून पळणार. तो थांबला, सुटलेली ओळ पुन्हा धरली आणि गाणं पूर्ण केलं. टाळ्या पडल्या, पण बसून पडल्या. मोठे परीक्षक हळहळून म्हणाले, "अरे, आमची कोकिळा कुठे गेली?" नयनने नमस्कार केला. त्याच दिवशी तो स्पर्धेतून बाहेर पडला.

नेरला परतलो तेव्हा बसस्टँडवर नयनच्या फ्लेक्सच्या जागी कोणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता. लोक घरी येऊन विजयमालाला म्हणत, आवाज गेला म्हणे पोराचा. ज्या सुरात म्हणत तो सुतकाला आल्यासारखा होता. ती त्यांना चहा द्यायची आणि सांगायची की गेला नाही, बदलून राह्यला. नयन मात्र जेवायला लागला. पँटी आखूड व्हायला लागल्या. ओठावर काळसर रेघ आली. पण चार महिने त्याने मला हात लावला नाही, आणि रामरावांनी त्याला रियाजाला कधी हाक मारली नाही. ते रोज सकाळी मला पुसून ठेवायचे आणि बाजूला बसून राहायचे. मला उंदरांची आठवणसुद्धा होत नव्हती. एकच भीती होती, की हा मुलगा माझ्यापुढे परत कधी बसणारच नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी तो आला. माझ्यावरचं कापड काढलं. मला वाटलं आता पट्टी दाबेल. नाही. तो आधी खाली वाकला आणि मान वाकडी करून माझी कड बघितली. खटका हलवून बघितला. पट्ट्या कुठल्या घरावर आहेत ते बोटाने मोजलं. रामराव समोर बसले होते. त्यांनी ते सगळं पाहिलं, पण त्याला थांबवलं नाही. मग नयनने त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "आबा, भाता मारा. कुठं बसते ते पाहू."

अजून त्याचा गळा कुठे बसलेला नाही. एक दिवस इथे, दुसऱ्या दिवशी तिथे. फुटला की मी आजही दचकते. पण तो रोज येतो, आणि रोज बसायच्या आधी माझी कड तपासतो. एक दिवसही चुकवत नाही. मला त्याचा राग येत नाही. रामरावही मान खाली घालून त्याचं तपासून होईपर्यंत थांबतात.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू आमची काळजी घ्या म्हणून विनवतो. मला पुसलं नाहीत, झाकलं नाहीत, तरी चालेल. मी उंदरांशी काय ते बघून घेईन. पण उद्या तुम्हीही मोठे व्हाल, टीव्हीसमोर बसाल, आणि तिथे एवढंसं कोणी गात असेल. त्याचं गाणं आवडलं तर जरूर सांगा, भरपूर सांगा. पण तोंडातून जे काढाल ते विचार करून काढा. मोठी माणसं एकमेकांचं बोलणं उद्या विसरतात. मुलं विसरत नाहीत. तुम्ही सांगाल ते ती करायला जातात, अगदी जेवण सोडूनसुद्धा.